मुंबईला थेट गाडी मागताना: प्रस्ताव कुठे अडतो, कशाने सुटतो (अनुभव धागा)

बीड, लातूर, रत्नागिरी, कोल्हापूर, यवतमाळ. जिल्हा कुठलाही घ्या, 'राजधानीला नवी थेट गाडी' ही मागणी दर वर्षीच्या निवेदनात असते आणि बहुतेक वेळा तीन शब्दांचं उत्तर येतं: 'परिचालनदृष्ट्या शक्य नाही.' हे तीन शब्द कशामुळे लिहिले जातात आणि ते लिहायची वेळच येऊ नये म्हणून प्रस्तावात काय असावं लागतं, यावर वेळापत्रक, यार्ड, डब्यांची देखभाल, आरक्षण, प्रवासी संघटना यांत काम केलेल्यांनी लिहावं. गाऱ्हाणी नकोत, तपशील हवेत. प्रत्येक उत्तरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.

पिट लाइन

सुरुवात रेकपासून (एका गाडीचे जोडलेले सगळे डबे) करा. निवेदनात 'रोज गाडी हवी' असं असतं, पण ती किती रेकमध्ये बसते हे कुणी लिहीत नाही. हिशोब सोपा आहे. गाडी रात्री ९ ला तुमच्या गावाहून सुटते आणि सकाळी ७ ला मुंबईत पोचते असं धरा. तोच रेक रात्री ९ ला मुंबईहून निघून तिसऱ्या दिवशी सकाळी ७ ला परत येतो, आणि त्याच रात्री पुन्हा निघू शकतो. म्हणजे एक फेरी ४८ तासांची. रोज गाडी हवी तर २ रेक लागतील. आठवड्यातून ३ दिवस चालेल म्हणालात, तर एका रेकमध्ये भागतं आणि वर एक दिवस मोकळा राहतो. आठवड्यातून ३ दिवसांच्या गाड्या आधी मंजूर होतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

पुढचा प्रश्न देखभालीचा. प्राथमिक देखभालीला रेक पिट लाइनवर (खाली उतरून डबे तपासता येतील असा खड्ड्यावरचा रूळ) साधारण ६ तास उभा लागतो. खालून ब्रेक, बोगी (डब्याखालची चाकांची चौकट), स्प्रिंगा तपासायच्या, वरून धुलाई, पाणी, चादरी, आणि मग ब्रेक पॉवर सर्टिफिकेट (ब्रेक नीट चालतात याचा दाखला). हे काम साध्या सायडिंगला (गाडी उभी करायचा बाजूचा रूळ) होत नाही. तुमच्या स्टेशनात पिट लाइन नसेल तर जवळची कुठे आहे आणि ती कुठल्या तासांत रिकामी असते, हे प्रस्तावात हवंच. पूर्ण लांबीची पिट लाइन म्हणजे काय तेही लक्षात घ्या. एलएचबी (नव्या पद्धतीचा) डबा कपलिंग धरून साधारण २४ मीटर, २२ डबे म्हणजे ५२८ मीटर, वर इंजिन. जुन्या १५-१६ डब्यांच्या पिट लाइनवर हा रेक दोन तुकडे करून घ्यावा लागतो. तुकडे करणं, शंटिंग आणि पुन्हा जोडणं यात वेळ जातो आणि रात्रीची सुटायची वेळ हुकते.

आणखी एक गोष्ट सहसा सुटते. वरच्या उदाहरणात रेक मुंबईत सकाळी ७ ते रात्री ९ असे १४ तास उभा आहे. तो कुठे उभा राहणार? मुंबईत सगळ्यात महाग वस्तू म्हणजे उभं राहायची जागा. या १४ तासांत तो रेक दुसऱ्या एखाद्या दिवसाच्या गाडीला वापरता येईल असं दाखवता आलं, तर तुमच्या प्रस्तावाचं वजन एकदम वाढतं.

निवृत्त सेक्शन कंट्रोलर

वर लिहिलंय त्यात पाथचा (गाडीला रुळावर ठरवून दिलेली मोकळी वेळ) मुद्दा जोडतो. गावाहून कल्याणपर्यंत पाथ मिळणं तुलनेनं सोपं. खरी अडचण कल्याणच्या पुढे. सकाळी साधारण ७ ते १०.३० या वेळात लोकल दर काही मिनिटांनी धावतात आणि त्यांच्यामध्ये नवी मेल-एक्सप्रेस घुसवणं म्हणजे दोन-तीन लोकलचा वेळ खाणं. म्हणून 'सकाळी ८ ला सीएसएमटी' (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) असं लिहिलेला प्रस्ताव पहिल्याच टेबलावर थांबतो. ६.३० च्या आधी किंवा ११ नंतरची वेळ मागा.

ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. त्यामुळे कल्याणहून कुर्ल्यापर्यंत लांब पल्ल्याच्या गाड्यांना वेगळी वाट आहे, पण कुर्ल्यापासून सीएसएमटीकडे ती वाट अजून नाही. त्यामुळे एलटीटीला (कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस) संपणारी गाडी बसवणं सीएसएमटीच्या मानाने सोपं जातं. प्रवाशांना एलटीटी आवडत नाही हे मान्य, पण पहिल्या प्रस्तावात 'फक्त सीएसएमटी' असा हट्ट धरू नये. एकदा गाडी चालू झाली की टर्मिनस बदलण्याची मागणी स्वतंत्रपणे करता येते. मूळ गाडीच नसेल तर बदलणार काय?

प्लॅटफॉर्मचा वेळही मोजा. गाडी आल्यावर माणसं उतरून रिकामा रेक निघेपर्यंत साधारण अर्धा तास. सुटताना त्याहून जास्त. सीएसएमटीचे रेक वाडीबंदर किंवा माझगावला जातात, आणि ती रिकामी फेरीसुद्धा त्याच रुळांवर वेळ घेते. जून २०२४ च्या ३६ तासांच्या मेगाब्लॉकमध्ये सीएसएमटीचे प्लॅटफॉर्म १० आणि ११ लांब गाड्यांसाठी वाढवले. लांबी वाढली म्हणजे डबे वाढतात. प्लॅटफॉर्मवरचे तास तेवढेच राहतात.

सोलापूर लाइन

चांगला बसवलेला नमुना पाहायचा तर १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली सोलापूर-मुंबई वंदे भारत पाहा. सुरुवातीच्या वेळापत्रकात सोलापूर सकाळी ६.०५, सीएसएमटी दुपारी १२.३५, परत ४.०५, सोलापूर रात्री १०.४०. अंतर ४५५ किलोमीटर. एका रेकमध्ये जाऊन येऊन झालं, आणि मुंबईत गाडी दुपारच्या मोकळ्या वेळेत उभी. सुट्टी कशी आहे बघा: मुंबईहून बुधवारी नाही, सोलापूरहून गुरुवारी नाही. म्हणजे रेक बुधवारी दुपारी मुंबईत पोचतो आणि गुरुवारी दुपारी ४ पर्यंत तिथेच राहतो. मोठी देखभाल मुंबईत होते, सोलापूरला नव्या पिट लाइनची गरजच पडली नाही. ज्यांचं अंतर ४५०-५०० किलोमीटरच्या आत आहे, त्यांनी हाच साचा धरून लिहावं.

घाटाचाही मुद्दा यातच आहे. भोर घाट आणि थळ घाट, दोन्हींचा चढ १:३७. नेहमीच्या गाडीला कर्जत किंवा कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. वंदे भारतला स्वतःच्या मोटारी असल्यामुळे ती बँकरशिवाय चढते. तुमचा प्रस्ताव इंजिनाच्या गाडीचा असेल तर बँकर लावण्या-काढण्याचा वेळ परतीच्या वेळापत्रकात धरा. तो न धरलेली वेळापत्रकं मी खूप पाहिली आहेत, आणि अशी गाडी कागदावर सुंदर पण रोज उशिरा.

मराठवाडा प्रवासी संघटना

नवी गाडी मिळत नसेल तर असलेली वाढवा, हा सगळ्यात लोकप्रिय उपाय. लातूरकरांना विचारा. २०१७ मध्ये मुंबई-लातूर एक्सप्रेस बिदरपर्यंत नेली, आणि लातुरात आंदोलन उभं राहिलं. कारण साधं होतं: डबे तेवढेच, गाव वाढलं, त्यामुळे लातूरच्या वाट्याच्या जागा कमी. नंतर काही दिवस लातूरहून आणि काही दिवस बिदरहून अशी वाटणी झाली. बिदरच्या लोकांची गरज खोटी नव्हती. चूक ही की विस्तार मागताना मधल्या मोठ्या स्टेशनचा कोटा लेखी राखून घेतला नव्हता. विस्ताराचा प्रस्ताव लिहाल तेव्हा दोन वाक्यं नक्की घाला: सध्याच्या उगम स्टेशनचा प्रत्येक वर्गातला कोटा कायम राहील, आणि वाढीव प्रवाशांसाठी अमुक इतके डबे जोडले जातील.

दुसरी आमच्या भागाची अडचण झोनची (रेल्वेचे प्रादेशिक भाग; एका झोनमध्ये अनेक विभाग). नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत, मुख्यालय सिकंदराबादला. मुंबईची सीएसएमटी आणि एलटीटी ही टर्मिनस मध्य रेल्वेकडे. लातूर स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. त्यामुळे नुसतं नांदेडला निवेदन देऊन काही होत नाही. एकच मजकूर दोन्ही झोनच्या मुख्यालयांना, त्याच तारखेला द्या आणि प्रत्येक पत्रात दुसऱ्या पत्राचा जावक क्रमांक टाका. नाहीतर एक झोन म्हणतो पाथ त्यांनी द्यावा, दुसरा म्हणतो प्रस्तावच आलेला नाही.

कोकण रेल्वे, एकेरी मार्ग

आमच्याकडे रोहा-वीर सोडलं तर पुढे एकेरी रूळ आहे. इथे नवी गाडी मागायची म्हणजे समोरून येणारी गाडी कुठल्या स्टेशनात लूपला (बाजूच्या रुळावर) घ्यायची, हे सांगावं लागतं. एक क्रॉसिंग १०-१५ मिनिटं खातं, आणि एक गाडी उशिरा आली की तिच्यामुळे तिघी थांबतात. प्रस्तावासोबत क्रॉसिंगचा तक्ता जोडा: स्टेशन, समोरच्या गाडीचा क्रमांक, कोण लूपला. पावसाळी वेळापत्रकाचा वेगळा तक्ता जोडायला विसरू नका. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर होतं, म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा. उन्हाळ्यात बसणारी गाडी पावसाळ्यात बसेलच असं नाही.

दादर-रत्नागिरी पॅसेंजर आता दिव्यापर्यंतच येते. ती पुन्हा दादरला न्या ही मागणी रास्त आहे, पण वर कंट्रोलरसाहेबांनी लिहिलेलं कारणच तिच्या आड येतं. तेव्हा ती वेळेच्या पर्यायांसह मागा.

वसई

पश्चिम उपनगरातून कोकणात थेट जायची सोय ऑगस्ट २०२४ मध्ये वांद्रे-मडगाव गाडीने झाली. वसई रोडला इंजिनाची बाजू बदलावी लागते. इंजिन सोडणं, फिरवून आणणं, जोडणं, ब्रेकची चाचणी, यात सहज २०-२५ मिनिटं जातात. तुमच्या मार्गावर असं कुठे होतं का हे नकाशावर बघून कळत नाही, यार्डाचा आराखडा बघा. मनमाडहून येऊन पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना दौंडला हीच अडचण होती. दौंड कॉर्ड लाइनमुळे (दिशा न बदलता जाता येईल असा जोड-रूळ) ती सुटली.

आरक्षण खिडकी

मागणी सिद्ध करायला लोक प्रतीक्षा यादीचे फोटो लावतात. एका शुक्रवारचा फोटो उपयोगाचा नाही. सलग ८ आठवडे, सातही वार, गाडी सुटण्याआधी ३० दिवस आणि ७ दिवस अशा दोन टप्प्यांवर आकडे नोंदवा. आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आहे, त्यामुळे त्याआधीच्या आकड्यांशी तुलना करू नका. आणि यादी कुठल्या कोट्याची आहे ते लिहा. मूळ स्टेशनच्या सर्वसाधारण यादीत ८० आणि मधल्या स्टेशनच्या पूल्ड कोट्यात (मधल्या अनेक स्टेशनांचा मिळून एक छोटा कोटा) ८० यांचा अर्थ फार वेगळा.

विशेष गाडीबद्दल सावध राहा. मागणी आजमावायला झोन आपल्या अधिकारात विशेष गाडी चालवतो. तिचं भाडं जास्त, आरक्षण उशिरा उघडतं, आणि ती मध्येच तासन्‌तास उभी राहते. मग डबे रिकामे जातात आणि तोच आकडा तुमच्या मागणीविरुद्ध वापरला जातो. विशेष गाडी मागताना वेळ, थांबे आणि किमान ३ महिने सलग फेऱ्या या तीन अटी लेखी मागा.

माहिती अधिकार

वरचे बरेचसे कागद १० रुपये शुल्काच्या अर्जावर मिळतात. विभागीय कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे हे मागा: टर्मिनसचा प्लॅटफॉर्म ऑक्युपेशन चार्ट (कुठला प्लॅटफॉर्म कधी व्यापलेला), संबंधित सेक्शनचं लाइन कपॅसिटी विवरण (रुळावर किती गाड्या मावतात), आणि ज्या गाडीचा रेक वापरायचा आहे तिची रेक लिंक (तो रेक कुठल्या गाड्यांना कधी लागतो). उत्तराची मुदत ३० दिवस. 'गाडी का सुरू करत नाही' असं विचारू नका. कायद्याने कार्यालयात आधीच असलेला कागद मागता येतो, कारण विचारता येत नाही, आणि अर्ज त्याच मुद्द्यावर निकाली निघतो.

कागद हातात आले की प्रस्ताव विभागीय आणि मग झोनच्या प्रवासी सल्लागार समितीत सदस्यामार्फत मांडा. तिथे आलेला विषय इतिवृत्तात नोंदला जातो आणि लेखी उत्तर मिळतं. नव्या मेल-एक्सप्रेसला मंजुरी शेवटी रेल्वे बोर्डच देतं, त्यासाठी झोनचा अनुकूल शेरा लागतो. नवं वेळापत्रक पूर्वी जुलैत यायचं, २०२५ चं १ जानेवारीला लागू झालं. झोनांच्या वेळापत्रक बैठका त्याच्या कितीतरी आधी होतात, म्हणून नोव्हेंबरात दिलेलं निवेदन त्या वर्षासाठी वाया गेलं असं समजा.

पिट लाइन

बीडकरांसाठी थोडं. १७ सप्टेंबर २०२५ ला बीड-अहिल्यानगर गाडी सुरू झाली, आता पुढची मागणी साहजिकच मुंबईची आहे. आत्ता स्वतंत्र रेक मागण्यापेक्षा अहिल्यानगरहून आधीच मुंबईला जाणाऱ्या गाडीच्या वेळेला १५-२० मिनिटांच्या अंतराने, त्याच किंवा समोरच्या प्लॅटफॉर्मवर जोड मागा. सोबत बीडहून मुंबईपर्यंतच्या एकाच तिकिटांची महिनावार विक्री माहिती अधिकारात काढत राहा. परळीपर्यंतचे सगळे २६१ किलोमीटर चालू होतील, तेव्हा थेट गाडीच्या प्रस्तावाला तोच आकडा पहिल्या पानावर लावा.