आधी थडग्यावरची अक्षरं वाचा

अमेरिकेतल्या चिनी पूर्वजांचं मूळ गाव आडनावावरून शोधावं, असं काहीजण सुचवतात. पण तिथे आडनावच फसवं असू शकतं. 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद झाली. पुढे 1906 च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोतलं जन्मनोंदींचं दप्तर जळालं. मग अनेकांनी आपला जन्म इथलाच, म्हणजे आपण नागरिकच, असल्याचं सांगितलं. नागरिकाच्या मुलांना येता यायचं, म्हणून चीनमधल्या गावांतली मुलं परक्याच्या नावावर ‘कागदी मुलगे’, म्हणजे फक्त कागदोपत्री मुलगे, बनून आली. कितीतरी घरांत नातवंडांना खरं आडनाव ठाऊकच नाही.

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड बेटावरच्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात (1910 ते 1940) अशा मुलांची उलटतपासणी व्हायची: घराला पायऱ्या किती, विहीर कुठे, शेजारी कोण राहतं. उत्तरं घोकून आलेली ती पोरं डोळ्यांसमोर आली की जीव कळवळतो. पण त्यांच्या जबान्या अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपल्या आहेत, आणि त्यांत गावाचं नाव सापडतं.

तरी माझ्या मते सुरुवात थडग्यापासून करावी. जुन्या दगडांवर चिनी अक्षरांत बरेचदा खरं आडनाव आणि गाव कोरलेलं असतं. फोटो काढून जाणकाराकडून वाचून घ्या. रोमन स्पेलिंगवर विसंबू नका. आडनावाचं एकच चिनी अक्षर कँटनी बोलीत चॅन, होक्किएनमध्ये तान, मँडरिनमध्ये चेन होतं. गाव कळलं की तिथल्या कुळाची वंशावळ, म्हणजे ‘जियापू’, शिल्लक आहे का ते विचारा. तिच्यात मुलींची नावं बहुतेकदा गाळलेली असतात. पणजीचं नाव हवं असेल, तर पुन्हा त्या जबान्यांकडेच वळावं लागेल.