चाळिशीनंतर प्रत्येकाची किडनी तपासावी का?

सावली:
जगात सुमारे ८५ कोटी लोकांना किडनीचा काही ना काही विकार आहे, असा अंदाज आहे. त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नाही, कारण अर्धंअधिक काम थांबेपर्यंत किडनी दुखत नाही की खुपत नाही. मे २०२५मध्ये जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, या विषयावर पहिल्यांदाच ठराव केला. ठराव झाला, आता तपासणी सक्तीची करा, असं माझं मत आहे. चाळिशीनंतर प्रत्येकाचं लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडली की लघवीत झिरपणारं प्रथिन) आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ) दर दोन वर्षांनी बघितलंच पाहिजे. माझा मोठा भाऊ पाय सुजले म्हणून दवाखान्यात गेला आणि त्याच आठवड्यात त्याचं डायलिसिस सुरू झालं. सात वर्षं रक्तदाबाची गोळी चालू होती, पण लघवी एकदाही कुणी तपासली नव्हती.

जुना वाटसरू:
भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. पण त्याला रक्तदाब होता, म्हणजे तो जोखमीच्या गटातच होता. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांच्या या दोन्ही तपासण्या व्हाव्यात, हे वैद्यकशास्त्र कधीपासून सांगतंय. तेवढंही आपण करत नाही आणि धडधाकट माणसांच्या मागे लागायचं?

शिवाय सरसकट तपासणीने माणसं नाहक धास्तावतात. माझ्या आईचं वय ७८. ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, ५४, लघवीत अल्ब्युमिन नाही, कसलाही त्रास नाही. रिपोर्टवर छापून आलं, 'तिसरा टप्पा'. तिने ते कॅन्सरच्या टप्प्यासारखं वाचलं आणि महिनाभर नीट जेवली नाही. वयानुसार किडनीची गाळण्याची क्षमता उतरतेच, पण ईजीएफआर ६०च्या खाली गेला की तिसरा टप्पा, ही रेघ तिशीतल्या माणसाला आणि ऐंशीच्या म्हातारीला एकच.

मृदगंध:
वाटसरूंशी सहमत. आणखी एक. तपासून पुढे काय? २०१०मध्ये जगात सुमारे २६ लाख लोकांना डायलिसिस किंवा प्रत्यारोपण मिळालं आणि ते न मिळाल्यामुळे किमान २३ लाख माणसं दगावली असावीत, असा एक अभ्यास सांगतो. आधी यांना वाचवा.

सावली:
मृदगंध, डायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीनदा चार-चार तास आणि दर वेळी रक्त शुद्ध करायला सुमारे १२० लिटर द्राव. खुर्च्या वाढवून ही रांग संपणार नाही, ती मागून वाढतच राहील. आणि 'पुढे काय' याला आता उत्तर आहे. रक्तदाबाची काही जुनी औषधं लघवीतून जाणारं प्रथिन कमी करतात. मधुमेहासाठी निघालेलं डापाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्यांचीही किडनी टिकवतं, हे २०२०मध्ये दिसलं. पण ही औषधं वेळेवर सुरू व्हायला हवीत.

वाटसरू, आईंच्या बाबतीत तुमचं खरं आहे. टप्पा छापताना वय आणि अल्ब्युमिन दोन्ही बघून समजावून सांगणारं माणूस हवं. भावाबद्दलही तुम्ही बरोबर बोललात, ते मला टोचलं, पण बरोबर आहे.

उन्हातला माणूस:
जोखमीचा गट म्हणजे फक्त मधुमेह आणि रक्तदाब, हे मला पटत नाही. मध्य अमेरिकेत उसाच्या फडात राबणारे तरुण पुरुष किडनी निकामी होऊन मेले. त्यांना यातलं काहीच नव्हतं. कडक ऊन, अंगमोड कष्ट आणि शरीरातलं पाणी आटणं, हा त्यातला मोठा संशयित. श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांमध्येही असाच विकार आहे, त्याचं नेमकं कारण अजून ठरलेलं नाही. या आजारात लघवीत अल्ब्युमिन बरेचदा जेमतेमच सापडतं, म्हणजे नुसती लघवीची पट्टी बुडवून तो हाती लागत नाही. आणि ही माणसं चाळिशीची वाट बघत नाहीत.

जुना वाटसरू:
हे माझ्या यादीत नव्हतं. उन्हात राबणाऱ्यांचं क्रिएटिनिन वयाची अट न घालता तपासावं, याला माझा पाठिंबा. सरसकट सगळ्यांना मात्र अजूनही नाही.

सावली:
आणि ज्यांना आपला रक्तदाब वाढलाय हेच माहीत नाही, ते कुठल्या यादीत?