‘यादवी’ चुकीचं आणि ‘निर्णायक’ही चुकीचं? मग लिहू काय?

सुपारीखांड : मंडळी, अडले आहे. आठवी-नववीच्या मुलांसाठी जगाच्या इतिहासाची एक पुस्तिका इंग्रजीतून मराठीत करून देते आहे. गेटिसबर्गच्या पाठात पहिलंच वाक्य असं की ही अमेरिकेच्या सिव्हिल वॉरमधली डिसायसिव्ह बॅटल. मी लिहिलं, ‘गेटिसबर्ग ही अमेरिकन यादवी युद्धातील निर्णायक लढाई.’ तपासणाऱ्या सरांकडून कागद परत आला तो दोन तांबड्या रेघा घेऊन. ‘यादवी’ खोडून वर ‘नागरी युद्ध’, आणि ‘निर्णायक’खाली नुसतं प्रश्नचिन्ह. मी खानापुरात शिकले तेव्हापासून यादवी युद्धच ऐकत आले. धाकटी कन्नड माध्यमात आहे, ती मागून बघून म्हणाली, “आई, आमच्यात अंतर्युद्ध म्हणतात, ते सोपं आहे की.” शुक्रवारी द्यायचंय. काय घालू?

वेशीबाहेर : नागरी युद्ध नको वो ताई. नागरी म्हटलं की पतसंस्था आठवते. आमच्या गल्लीत नळाला पाणी आल्यावर घागरी आपटून जे चालतं ते नागरी युद्ध.

निपाणी मास्तर : ‘नागरी’ टाकाऊच, त्यावर वेळ घालवू नये. पण ‘यादवी’वरची रेघ मला अगदीच अस्थानी वाटत नाही. महाभारतातलं मौसलपर्व आठवा. भारतीय युद्धानंतर छत्तीस वर्षांनी प्रभासक्षेत्री यादव दारू पिऊन एकमेकांवर उठले, किनाऱ्यावरचं एरका नावाचं गवत उपटलं तर त्याची मुसळं झाली, आणि सगळे कुळच आपसांत मेले. तिथे एक पक्ष नाही, दुसरा पक्ष नाही, जिंकलं कोणीच नाही. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण अशी दोन सरकारं होती, दोन राजधान्या होत्या, दोन सेना होत्या आणि शेवटी एक बाजू शरण आली. ज्या यादवीत कोणी जिंकतच नाही, तिच्यात निर्णायक लढाई कुठून आणणार? तुमच्या वाक्यात दोन्ही शब्द शेजारी बसले आहेत, म्हणून ते खटकतं.

अर्धा कानडी : आमचे आजोबा सांगायचे की यादवी हा शब्द देवगिरीच्या यादवांवरून आला. १२७१ साली रामचंद्रदेवाने चुलतभाऊ आम्मणाला गादीवरून काढलं, ती घरातली मारामारी. आणि ते यादव आपल्या बेळगावपर्यंत आले होते, रट्टांचं राज्य त्यांनीच बुडवलं. म्हणजे शब्द आपल्या मातीतला.

निपाणी मास्तर : आजोबांना नमस्कार, पण भाऊबंदकीत गादी गेलेला आम्मण काही पहिला नव्हे. तेवढ्यावरून शब्द निघायचा तर त्याला ‘चालुक्यी’ही म्हणता आलं असतं. शब्द पुराणातलाच आहे.

वेशीबाहेर : मास्तर, तुमच्या न्यायाने ‘पानिपत झालं’ हेही बंद करावं लागेल. १४ जानेवारी १७६१ ला एवढा संहार झाला, तरी दहा वर्षांत, १७७१ ला, मराठे परत दिल्लीत होते. तरी गणितात नापास झालेल्या पोराचं पानिपतच होतं! शब्द एकदा कथेतून सुटला की सुटला. पक्षात दोन गट भांडले तरी पेपरवाले यादवी लिहितात. तिथं कुणी मुसळ शोधत नाही.

मलप्रभेकाठ : ‘यादवी’वर तुम्ही रात्रभर भांडाल. मला ते प्रश्नचिन्ह जास्त कामाचं वाटतं. गेटिसबर्ग १ ते ३ जुलै १८६३. ठार, जखमी, बेपत्ता आणि कैदी धरून दोन्ही बाजूंचे मिळून पन्नास हजारांच्या आसपास. तिसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेचे साधारण बारा हजार उघड्या रानातून चालत गेले आणि अर्धेही धड परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दक्षिणेचा सेनापती ली पावसात मागं फिरला. इथवर ठीक. पण युद्ध संपलं कधी? ली शरण आला ९ एप्रिल १८६५ ला, म्हणजे आणखी एकवीस महिने माणसं मरत होती. ‘निर्णायक’ म्हणजे निर्णय लावणारी. मुलं वाचतील आणि समजतील की निकाल लागला, सगळे घरी गेले.

आणि निवडायचीच तर गेटिसबर्गच का? ४ जुलैलाच पश्चिमेला मिसिसिपी नदीवरचं व्हिक्सबर्ग पडलं, सत्तेचाळीस दिवसांच्या वेढ्यानंतर, एकोणतीस हजारांवर फौज शरण आली. पाचच दिवसांत पोर्ट हडसनही गेलं आणि अख्खी मिसिसिपी उत्तरेच्या हातात आली. दक्षिणेचे दोन तुकडे झाले, टेक्सासकडची गुरं आणि धान्य नदीपलीकडं अडकलं. गेटिसबर्गनं लीला घरी पाठवलं, व्हिक्सबर्गनं घरच कापलं. त्याच्याही आधी सप्टेंबर १८६२ ची अँटीटम. मैदानात ती धड कोणी जिंकली नाही, पण ली मागं सरला एवढ्या आधारावर लिंकननं पाच दिवसांत गुलाममुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा काढला, आणि मग इंग्लंड-फ्रान्सला दक्षिणेच्या बाजूनं उभं राहणं अवघड झालं. सांगा, निर्णायक कोणती?

हलगी : मी इतिहासवाला नाही, पण या प्रश्नाला शब्द आखाड्यात आहे. ‘निकाली’. लहानपणी वडलांच्या खांद्यावर बसून आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघितल्यात. एक जोड अर्धा तास खडाखडी करत होती, तांबडी माती अंगावर वाळून तिचे पोपडे पडायला लागले होते. मग एकानं खाली बसवून कब्जा घेतला. वडील तेवढ्यात उठून चपला शोधायला लागले. मी म्हटलं, अजून चितपट कुठं झालाय? तर म्हणाले, “कुस्ती फिरली रे, आता फक्त उशीर.” पुढं बराच वेळ खालचा पैलवान हात बांधून चिवटपणे पडून होता, शेवटी घिस्सा डावावर आस्मान दिसलं. तेव्हा पंचानं निकाली दिली. म्हणजे कब्ज्याला फिरली आणि घिश्श्याला निकाली झाली. गेटिसबर्ग हा कब्जा. तिला निकाली म्हणू नका.

सुपारीखांड : हे फारच आवडलं. मग ‘युद्धाला कलाटणी देणारी लढाई’ लिहू?

निपाणी मास्तर : लिहा. ‘कलाटणी’ आणि ‘कोलांटी’ एकाच घरातल्या असाव्यात असं मला नेहमी वाटतं. वरचं खाली, खालचं वर.

वेशीबाहेर : आता मास्तरांनी स्वतःच आजोबांचा धंदा सुरू केला.

मलप्रभेकाठ : आपल्याकडचंही उदाहरण आहेच की. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवलं आणि ऑक्टोबरात भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. धनाजी जाधव ताराबाईंच्या बाजूनं आलेले, ते शाहूंना मिळाले. निम्मी लढाई तिथंच झाली. जानेवारी १७०८ मध्ये शाहूंचा साताऱ्याला राज्याभिषेक. पण भांडण मिटलं का? ते १७३१ च्या वारणेच्या तहापर्यंत चाललं, तेव्हा कुठं वारणेच्या दक्षिणेचा मुलूख करवीरच्या गादीकडं ठरला. चोवीस वर्षं! खेडनं वारं फिरवलं, निकाल कागदावर लागला. आणि मला वाटतं परक्याशी लढताना आणि आपसांत लढताना फरक पडतो तो इथंच. समोरचा सेनापती तुमच्याच ओळखीचा असतो, तो उद्या तुमच्याकडं येऊ शकतो. म्हणून एक लढाई फिरली की काठावरची माणसं पटापट एका अंगाला सरकतात.

अर्धा कानडी : मग याला यादवी नको, भाऊबंदकी म्हणा. आमच्या आईकडं दायादी म्हणतात. बांधावरून कोर्टात गेलेल्या चुलत्यांनाही तेच.

निपाणी मास्तर : दायाद संस्कृत आहे, मराठीतही होता, आपण विसरलो. मात्र शाळेच्या पुस्तकात अंतर्युद्ध शिरू देऊ नये. आपल्या मुलांची मराठी आधीच पातळ होत चालली आहे.

अर्धा कानडी : अंतर्युद्धात कानडी काय आहे सर? अंतर् आणि युद्ध दोन्ही संस्कृत. कानडीत ते चालतं म्हणून आपण सोडायचं? मग अण्णा, अक्का, अडकित्ता आणि तूप सगळंच परत पाठवा. वरणभात कोरडा खा.

वेशीबाहेर : 😀 आणि ‘गृहयुद्ध’ हिंदी म्हणून नको, ‘सिव्हिल वॉर’ इंग्रजी म्हणून नको. लढायचंच बंद करावं.

निपाणी मास्तर : चेष्टा सोपी असते. सीमेवर राहणाऱ्याला शब्द जपून वापरावा लागतो, पुण्यात बसलेल्याला नाही.

अर्धा कानडी : उलट बघतो मी. सीमेवरच्याला दोन दुकानं आहेत, पुण्यातल्याला एकच.

सुपारीखांड : सगळ्यांचे आभार. ‘अमेरिकन यादवी युद्धाला कलाटणी देणारी लढाई’ असं करून पाठवलं होतं. आत्ताच सरांचा फोन येऊन गेला. ‘यादवी’ राहू दे म्हणाले, पण मथळा एका ओळीत बसत नाही, म्हणून ‘गेटिसबर्गची लढाई’ एवढंच ठेवलंय. व्हिक्सबर्गचा परिच्छेद मूळ इंग्रजीतच नव्हता, मी दोन ओळी घातल्यात, त्या उडतील बहुतेक.

मलप्रभेकाठ : त्या उडवू देऊ नका. भांडा.

हलगी : एक दुरुस्ती. काल वडलांना विचारलं, ते म्हणाले त्या दिवशी घिस्सा नव्हता, एकलांगी होती. मला तर पक्का घिस्साच आठवतो. आनंदवाडीत तेव्हा असलेलं कोणी आहे का इथं?