लिनक्सवर बॅकअपची डिस्क आपोआप माउंट व्हावी (म्हणजे एखाद्या फोल्डरवर जोडली जावी) का?

धागाकर्ता: व्हावी, आणि संगणक सुरू होतानाच. हाताने करायचं काम मागे पडत जातं आणि बॅकअप शिळा होतो. एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं ते सांगणाऱ्या फाइलीत) नोंद यूयूआयडीने, म्हणजे डिस्कवरच्या ओळख क्रमांकाने करा, कारण आज एसडीबी१ असलेलं नाव उद्या दुसऱ्याच डिस्कला मिळू शकतं. यूयूआयडी 'एलएसबीएलके -एफ' दाखवतं. पर्यायांत 'नोफेल' (डिस्क नसली तरी अडू नको) हवंच. ते विसरलात आणि डिस्क जोडलेली नसली, तर सिस्टिमडी (संगणक सुरू होताना सगळ्या सेवा उभ्या करणारा प्रोग्रॅम) ९० सेकंद वाट पाहतं आणि थेट इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या कमांड-पडद्यावर, नेऊन सोडतं. रीबूट करण्याआधी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवून नोंद तपासा.

पहारेकरी: यूयूआयडीबद्दल सहमत, बाकी नाही. सतत माउंट असलेल्या डिस्कवरचा बॅकअप रॅन्समवेअरच्या किंवा चुकलेल्या 'आरएम -आरएफ' या पुसून टाकणाऱ्या कमांडच्या तडाख्यात मूळ फाइलींसोबतच जातो.

शिवाय नोफेलमुळे एक वेगळाच घोळ होतो. डिस्क नसली तरी /एमएनटी/बॅकअप हा रिकामा फोल्डर जागेवर असतोच. आरसिंक (फाइलींची नक्कल करणारं साधन) त्यातच निमूट लिहीत राहतं, रूट पार्टिशन (सिस्टिमचा मुख्य विभाग) भरतं, आणि लॉगमध्ये सगळं आलबेल दिसतं! म्हणून 'नोऑटो' (आपोआप माउंट नको) लिहा. माउंट करणं, 'माउंटपॉइंट -क्यू'ने माउंट झाल्याची खात्री, आरसिंक आणि शेवटी अनमाउंट हे सगळं स्क्रिप्टने करावं. डिस्क माउंट नसताना त्या फोल्डरला 'सीएचअ‍ॅटर +आय' ही बदल-बंदीची खूण लावून ठेवा, म्हणजे रूटलाही (सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही) तिथे लिहिता येणार नाही.

मधला मार्ग: 'नोफेल'च्या जोडीला 'एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट' द्या. फोल्डरला हात लागला की डिस्क माउंट होते, आणि 'आयडल-टाइमआउट' ६० सेकंद ठेवलात तर काम संपल्यावर आपोआप उतरते. 'डिव्हाइस-टाइमआउट' ५ सेकंदांवर आणा, नाहीतर डिस्क नसताना प्रत्येक कमांड ताटकळते. इथे 'माउंटपॉइंट -क्यू'वर मात्र विसंबू नका. ऑटोएफएस (फोल्डरला हात लागण्याची वाट पाहणारी ऑटोमाउंटची यंत्रणा) स्वतःच तिथे माउंट असतं, त्यामुळे डिस्क नसतानाही उत्तर होकारार्थी येतं. त्याऐवजी डिस्कवर एक खूणफाइल ठेवा आणि ती सापडली तरच आरसिंक चालवा.

पहारेकरी: पण 'आरएम'चा हात लागला तरी डिस्क तितक्याच तत्परतेने माउंट होणार! सोय झाली, संरक्षण कुठे झालं?

नवा सभासद: यूडेव्हच्या (उपकरण जोडलं की त्याची दखल घेणाऱ्या सेवेच्या) नियमात 'रन'मधून कमांड चालवून माउंट केलं तर?

मधला मार्ग: नको. यूडेव्ह स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये (माउंटच्या स्वतंत्र यादीत) चालतं, त्यामुळे तिथे केलेलं माउंट इतरांना दिसत नाही. नियमात 'सिस्टिमडी_वॉन्ट्स' लिहून बॅकअपची सर्व्हिस सुरू करा.

धागाकर्ता: रिकाम्या फोल्डरचा मुद्दा मान्य, माझ्या नोंदीत तो धोका राहिला होता. पण पहारेकरी, तुमची स्क्रिप्टसुद्धा टायमरनेच चालणार ना? मग तेही आपोआपच झालं. आणि रूटचा ताबा गेला, तर अनमाउंट केलेली डिस्क परत माउंट करायला एक कमांड पुरते. त्यावर खरा उपाय दोन डिस्क आलटून पालटून वापरण्याचा, एक कायम केबल काढून ठेवलेली.

पहारेकरी: दोन डिस्क हव्यातच. पण जोडलेली आहे तीसुद्धा उघडी का ठेवायची? 'नोऑटो'वर मी ठाम आहे.