लायसन्स मिळालं, पण रस्त्यावरच्या अडचणीचं काय? तुमचे अनुभव लिहा

मुलीचं लर्निंग लायसन्स आलंय. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच, गिअर, रिव्हर्स सगळं शिकवलं. घाट कसा उतरायचा, टायर फुटला तर काय करायचं, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. मी स्वतः गाडी चालवत नाही, म्हणून तुम्हाला विचारते आहे. स्वतःवर बेतलेलंच लिहा.

घाटवाट
ताई, माझं लायसन्स चार महिन्यांचं होतं. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो. प्रत्येक वळणावर ब्रेक, मधल्या उतारावरही पाय ब्रेकवरच. निम्म्या घाटात जळका वास आला आणि पेडल खोल जायला लागलं. शेजारी मामा होते. ते शांतपणे म्हणाले, "पेडल भराभर दाब-सोड कर, तिसऱ्यातून दुसरा टाक. हँडब्रेक एकदम ओढू नकोस, थोडा थोडा घे." गाडी डोंगराच्या बाजूला लागली. चाकांवर पाणी ओतायला निघालो, तर मामांनी हात धरला. तापलेली डिस्क एकदम गार पडली की तडकू शकते. अर्धा तास नुसते बसून राहिलो. जो गिअर घाट चढायला लागतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे तेव्हा कळलं. मुलीला सांगा, पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरणाऱ्यांचं अजिबात ऐकू नकोस.

कोकणकन्या७४
मुसळधार पावसात चारही इंडिकेटर लावून गाडी चालवायची नाही. कशेडी घाटात माझ्या पुढचा असाच चालला होता. तो उजवीकडे कधी वळणार ते मला कळलंच नाही, थोडक्यात वाचलो. पावसात हेडलाइट लो बीमवर हवेत आणि अंतर दुप्पट. चारही इंडिकेटर थांबलेल्या गाडीसाठी.

सदाफिरस्ता
एक्सप्रेसवेवर मागचा डावा टायर फुटला. ब्रेक मारावासा वाटतोच, पण मारला नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरलं, ॲक्सिलरेटर सोडला आणि वेग उतरल्यावर डावीकडे घेतली. मग माझ्याकडून चूक झाली: बायको-मुलं गाडीतच बसलेली आणि मी टायर बदलायला वाकलो. एक ट्रक हातभर अंतरावरून गेला. आता आधी सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे उभं करतो. लाल त्रिकोण गाडीला चिकटून नाही, बराच मागे ठेवायचा. मदत येईपर्यंत चाकाला हात लावत नाही.

परिचारिका_मी
अपघात दिसला तर गाडी पुढे सुरक्षित जागी लावा आणि १०८ किंवा ११२ लावा. फोनवर "हॉटेलच्या पुढे" असं सांगू नका, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि कुठल्या दिशेची लेन ते सांगा. आग किंवा तसाच धोका नसेल तर जखमीला ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेटही राहू द्या. पाणी पाजू नका. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा. पोलिसांच्या भीतीने लोक निघून जातात, त्याचं फार वाईट वाटतं. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं आहे. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही.

घाटवाट
एक राहिलं. टेम्परेचरचा काटा वर गेला तर एसी बंद करून थांबा. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. मामांच्या मनगटावर अजून डाग आहे.