अनुभव धागा (सोलापूर): नळ आल्याचा निरोप तुमच्यापर्यंत कसा यायचा, आणि आता कसा येतो?

शुक्रवारपेठ_माहेर
परवा रात्री २ वाजून ४० मिनिटांनी आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडला, "पाणी सुटलंय". एकवीस जणांनी अंगठा दिला. मी तो सकाळी साडेसहाला वाचला, कारण रात्री फोन सायलेंटवर होता. हौदात वाकून बघितलं तर तळाची फरशी दिसत होती. आता पुढचं पाणी पाच दिवसांनी.

तिथेच हौदाच्या काठावर बसले आणि वाड्यातल्या मागच्या खोलीतल्या काकू आठवल्या. त्यांची झोप फार सावध. नळातून आधी नुसती हवा यायची, फुस्स असा आवाज, तेवढ्यावर त्या उठायच्या. हातात सांडशी घेऊन एकेका खिडकीच्या गजावर वाजवत जायच्या, "उठा गं, नळ आलाय!" बारा बिऱ्हाडं होती, एकही सुटायचं नाही.

कपडे वाळत घालायच्या दोरीवरून आईचं आणि त्यांचं मोठं भांडण झालं होतं. दोन वर्षं एकमेकींशी अबोला. हळदीकुंकवालासुद्धा नाही. पण त्या दोन वर्षांत आमच्या खिडकीवर सांडशी वाजायची थांबली नाही. तोंडाने काही बोलायच्या नाहीत, फक्त वाजवायच्या आणि पुढे जायच्या. आई पण काही न बोलता घागर घेऊन उठायची.

आज माझं गल्लीत कुणाशी भांडण नाही. तरी माझ्या घरात दिवा लागला नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि खरं सांगायचं तर समोरच्यांचा दिवा लागला का, हे मी तरी कधी बघितलंय? मेसेज बघून मी माझा पाइप लावते आणि परत झोपते. दोन दिवस हेच डोक्यात आहे.

फोन आल्यापासून तुमच्या घरी, गल्लीत काय बदललं? चांगलं वाईट दोन्ही लिहा.

कडकभाकरी
अगं सांडशीचं वाचून काटा आला अंगावर. आमच्याकडे जर्मनच्या ताटलीवर चमचा वाजवायचे. भाकरी तव्यावर आहे, नंतर लिहिते.

पूर्वभाग_अशोकचौक
मी उलट बाजूने लिहितो. राग मानू नका अक्का.

आमची अम्मा चाळीस वर्षं विड्या वळते. पान कात्रीने कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. दिवसाला हजार विड्या. या कामाने बोटांच्या रेषा झिजून जातात. रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. पदराला पुसून परत ठेवायचा, परत लाल. मागची रांग ओरडायची. एकदा ती धान्य न घेताच घरी आली आणि पिशवी खुंटीला अडकवून गप्प बसून राहिली. म्हणाली, माझंच बोट मला ओळखेना. हे वाक्य मी विसरू शकत नाही. पुढे डोळ्याचं स्कॅन करायची सोय आहे हे कळलं, तेव्हापासून अडलं नाही. पण ती सोय आहे हे आम्हाला सांगितलं कुणी, तर शेजारच्या मावशीने. मशीनजवळ कुठे लिहिलेलं नव्हतं.

आता फोनचं. अम्माची धाकटी बहीण तेलंगणात दिली आहे. आधी वर्षाला एखादं पत्र, ते पण दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. आता रोज दुपारी फोन सुपाशेजारी भिंतीला टेकवून ठेवते आणि दोघी तेलुगूत बोलत बसतात. हात चालूच. मावशी तिकडे भाजी निवडते, अम्मा इकडे विड्या वळते. कधी कधी अर्धा तास दोघी काहीच बोलत नाहीत, नुसत्या एकमेकींसमोर बसून काम करतात. यासाठी मी फोनचे सगळे गुन्हे माफ करायला तयार आहे.

शुक्रवारपेठ_माहेर
राग कसला भाऊ. दोघी नुसत्या समोरासमोर बसून काम करतात हे वाचून डोळे भरून आले. अम्मांना नमस्कार सांगा.

निवृत्त_मास्तर
सर्वांना नमस्कार. माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण सांगणे गरजेचे वाटते.

गेल्या वर्षी मला व्हिडिओ कॉल आला. समोर पोलिसी गणवेशातला माणूस. तुमच्या नावाने पार्सल पकडले आहे, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, फोन बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचे नाही. मी चौतीस वर्षे मुलांना नागरिकशास्त्र शिकवले. अशी अटक कायद्यात कुठेही नाही हे मला समजायला हवे होते. पण घरी एकटा होतो आणि तो माणूस अडीच तास माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही. चाळीस हजार रुपये पाठवून बसलो.

कॉल संपल्यावर नातवाला फोन केला. तो म्हणाला, आजोबा, आधी १९३० लावा, मग रडा. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे ती. अर्ध्या तासात तक्रार गेली म्हणून बावीस हजार पुढच्या खात्यात अडकवता आले आणि काही महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे गेले.

सोलापूरकराला हा आकडा पाठ करावा लागत नाही. १९३० च्या मे महिन्यात या गावावर मार्शल लॉ लागला होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चार पुतळ्यांसमोरून जाताना आता मला दोन्ही गोष्टी आठवतात. आपल्या आईवडिलांना हा नंबर कागदावर लिहून फोनच्या कव्हरात ठेवून द्या. फोनमध्ये साठवू नका, घाबरलेल्या माणसाला तिथे सापडत नाही.

सध्या_पुण्यात
मास्तर, तुम्ही हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. माझ्या सासऱ्यांबरोबर हेच झालं होतं, पण ते आजपर्यंत कुणाला सांगत नाहीत. त्यांना हे वाचून दाखवते.

कडकभाकरी
झाल्या भाकरी. कव्हरात कागद ठेवायचं एक नंबर मास्तर. आत्ताच आईच्या फोनला ठेवला.

मागवाला_तिसरीपिढी
फोनचं नाही, पण यंत्राचं लिहितो. आजोबा जकार्डचे पुठ्ठे पाडायचे. माहीत नसेल त्यांच्यासाठी, चादरीतला मोर, फुलं, नाव, जे काय दिसतं ते सगळं आधी ग्राफच्या कागदावर चौकोन भरून काढायचं आणि मग पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. भोक असेल तिथे ताण्याचा म्हणजे उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. एका चादरीला शेकड्यांनी पुठ्ठे, दोऱ्याने एकाला एक ओवलेले. एक भोक चुकलं की मोराची मान वाकडी.

मी कॉम्प्युटर शिकायला गेलो तेव्हा पहिल्याच तासाला सरांनी सांगितलं की फ्रान्समध्ये जकार्डने १८०४ च्या सुमाराला केलेल्या मागावरून चार्ल्स बॅबेजने भोकांच्या कार्डांची कल्पना घेतली. मी घरी येऊन आजोबांना म्हटलं, आबा, तुम्ही आयुष्यभर प्रोग्रॅमिंग करत होता. ते म्हणाले, मग पगार का तसला नव्हता?

आता डिझाइन स्क्रीनवर होतं, दोन महिन्यांचं काम दोन दिवसांत. मला त्याचं वाईट वाटत नाही, आबांचे डोळे त्या भोकांपायी गेले. वाईट याचं वाटतं की ऑनलाइन 'सोलापुरी चादर' शोधली की निम्म्या चादरी सोलापूरच्या नसतातच. भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण मोबाइलवरच्या फोटोत वीण हाताला लागत नाही ना. घेताना विक्रेता कुठला आहे ते बघा, एवढीच विनंती.

हर्र_बोला
आबांचा प्रश्न बरोबर आहे राव!!

मी जर्मनीत असतो. गड्ड्याला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेला, येणं आठ वर्षांत जमलं नाही. भोगीच्या दिवशी सिद्धेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा मोबाइलवर लाइव्ह बघतो. इथं सकाळ असते, बाहेर बर्फ. सातही काठ्या, म्हणजे मानाचे नंदीध्वज, अक्षता पडतात त्या संमती कट्ट्याजवळ आल्या की घरात एकटाच उभा राहतो आणि मोठ्यांदा म्हणतो, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र". अक्षता म्हणून डाळतांदळाच्या डब्यातले चार दाणे स्क्रीनवर टाकतो. वरच्या मजल्यावरच्या बाई पहिल्या वर्षी विचारायला आल्या, सगळं ठीक आहे का. आता त्या स्वतःच चहा घेऊन बघायला येतात.

एकच सांगायचंय. हल्ली लाइव्हमध्ये काठ्या कमी आणि वर धरलेले मोबाइलच जास्त दिसतात. तुम्ही तिथे आहात हो. दोन्ही हात मोकळे ठेवून अक्षता टाका. आम्ही इथून तेवढ्यासाठीच तर तळमळतो.

पूर्वभाग_अशोकचौक
दादा या वर्षी मी तुमच्या नावाने टाकतो अक्षता. मोबाइल खिशात ठेवून.

हर्र_बोला
🙏🙏

सध्या_पुण्यात
माझे बाबा रोज सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी सुप्रभातचं चित्र पाठवतात. सूर्य, गुलाब, खाली सुविचार. पाच वर्षांत मी एकही सुविचार वाचलेला नाही. पण ते आलं म्हणजे बाबा उठले, चहा झाला, फिरायला निघाले. मागच्या श्रावणात एक दिवस आलंच नाही. साडेसहापर्यंत वाट बघितली. फोन केला, उचलला नाही. मग त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींना लावला. त्या ओल्या केसांनी वर धावल्या, दार आतून बंद. शेजारच्या मुलाला गॅलरीतून आत उतरवलं. बाबा बाथरूममध्ये पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं.

आता चालतात काठी घेऊन. चित्र परत सुरू झालंय, ६ वाजून १० मिनिटांनीच. मी आता उलट उत्तर पाठवते, रोज. आणि त्या वहिनींचा नंबर सगळ्यात वर ठेवलाय.

शुक्रवारपेठ_माहेर
वहिनींच्या पाया पडावंसं वाटतंय गं.
काल संध्याकाळी मी आमच्या ओळीतल्या सहा घरी जाऊन सांगून आले, रात्री माझा दिवा लागलेला दिसला नाही तर बेल दाबा, मी पण दाबीन. टोकाच्या घरातल्या आजी म्हणाल्या, माझ्याकडे साधाच फोन आहे, मला त्या ग्रुपचं काही कळत नाही, मला तर तीन वर्षं कुणी सांगतच नाही. तीन वर्षं! त्या रात्री जाग आली की नळ सोडून बघतात. दोन घरांचं अंतर आहे आमच्यात.

अभ्यासिका_सातरस्ता
मी मंगळवेढा तालुक्यातला, इथे परीक्षेच्या तयारीसाठी राहतो. खोलीवर आम्ही चौघं. पाण्याची पाळी माझी असते, अलार्म लावून. वाचता वाचता वाटलं, तुमच्या आजींसारखं कुणी आमच्या गल्लीत आहे का ते बघायला पाहिजे.
आणि तो शेंगाचटणीचा विषय कुणी काढला नाही अजून, आश्चर्य आहे. पुण्यात पाठवायची असेल तर कशात पॅक करतात? तेल सुटतं.

कडकभाकरी
स्टीलच्या डब्यात दाबून भर, झाकणाखाली बटर पेपर, वरून दोन पिशव्या. मिक्सरची असेल तर पाठवू नकोस, खलबत्त्यातली पाठव.

मागवाला_तिसरीपिढी
दत्तनगरला आज पाणी आहे का? कुणी सांगेल का?

पूर्वभाग_अशोकचौक
आलंय आत्ताच. पहिली दहा मिनिटं गढूळ आहे, सोडून द्या आणि मग भरा. तुमच्या शेजारच्या बोळात तात्या एकटे असतात, जाता जाता त्यांच्या दारावर वाजवा.