बंद पडलेला प्लग पॉइंट : तुमचे अनुभव सांगा

काल डब्याच्या घाईत ओट्यावरचा पॉइंट गेला. मिक्सर अर्ध्या चटणीत थांबला, चार्जर लावून बघितला तर तोही ढिम्म, बाकी घरात लाईट व्यवस्थित. ड्रॉवरमधून बाबांचा टेस्टर काढला, पिवळ्या दांड्याचा, टोकाला थोडा वाकलेला. तो त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी असायचा. शेजारपाजारचे रात्री हाक मारायचे आणि बाबा मेणबत्ती घेऊन निघायचे, फ्यूजचा किटकॅट, म्हणजे तार धरणारा चिनी मातीचा तुकडा, काढून तार बदलायची, मी मागे मेणबत्ती धरून. "आधी मेन बंद" हे इतक्यांदा ऐकलंय की कालही हात आपोआप तिकडेच गेला. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. तुमच्याकडे असं काही झालं तेव्हा काय निघालं, लिहा ना.

सातारकर
मिक्सरच्या बुडाला लाल बटण असतं ते दाबलंत का? अच्छा चार्जरपण चालत नाही म्हणताय, मग पॉइंटच. टेस्टरचा दिवा लागतोय का?

धागाकर्ती
हो दादा, उजव्या भोकात लागतो. मिक्सर लावून स्विच चालू ठेवला की डावीकडेपण मंद लागतो, हे काय ते कळेना

सातारकर
न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, सुटलाय. फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, तिचा करंट मिक्सरमधून फिरून तिकडे येतो म्हणून दोन्हीकडे लागतं. तुम्ही उघडू नका, वायरमनला बोलवा

माहेर नागपूर
आमचा गीझर भाड्याच्या घरात ६ अँपियरच्या पॉइंटला जोडून दिला होता, २००० वॉटचा, म्हणजे जवळजवळ ९ अँपियर ओढणार. महिनाभर जळका वास यायचा, मला वाटायचं शेजारी काहीतरी जाळतायत. एक दिवस पॉइंट बंद, खोललं तर आतलं प्लास्टिक वितळून वायरला चिकटलेलं. बाळाची आंघोळ त्याच बाथरूममध्ये व्हायची हो. १६ अँपियरचा पॉइंट आणि जाड वायर टाकून घेतली तेव्हा कुठे झोप लागली. वास आला की लगेच बघा, प्लीज

न्यू जर्सीहून
इकडे गॅरेजचा सॉकेट गेला, फ्रीझर बंद, आईने करून दिलेल्या पुरणपोळ्या सगळ्या गेल्या 😢 ब्रेकर ठीक, काहीच कळेना. दोन दिवसांनी बाथरूममधल्या जीएफसीआयचं (गळती झाली की वीज तोडणारा सॉकेट) रिसेट बटण दाबलं आणि गॅरेज चालू! जुन्या घरांत एकाच्या पुढे बाकीचे जोडलेले असतात.

राजापूर
आमच्याकडे पावसाळा म्हणजे ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडणारच. भिंतीला ओल, बोर्डात मुंग्या, एकदा पाल. ३० मिलिअँपियर गळती झाली तरी पडतो. वैतागून लोक बायपास करतात, तेवढं करू नका रे. मामेभाऊ ओल्या हाताने पंपाचा प्लग काढायला गेला होता, तो पडला म्हणून वाचला. ईएलसीबी पडला म्हणून.

आजीची नात
चटणी कसली होती? आमच्याकडे कारळ्याची असेल तर अजून खलबत्ता

माहेर नागपूर
नात, कारळं किती भाजतेस? माझी कडू होते

आजीची नात
मंद आचेवर, तडतडलं की लगेच उतरवायचं

धागाकर्ती
वायरमनकाका येऊन गेले. न्यूट्रलचा स्क्रू ढिला, वायरचं टोक काळं पडलेलं. तेवढं कापून नवीन सॉकेट बसवला, १० मिनिटांत झालं. दादा, तुमचं बरोबर निघालं, खूप आभार. काका टेस्टर बघून म्हणाले असला आता मिळत नाही, जपून ठेवा. बाबांचा आहे म्हटलं. चटणी शेंगदाण्याची होती ताई, उरलेली आज वाटली.